राखणदाराचा धर्म



आषाढीची वारी झाली. द्वादशीचे पारणे पंढरीत सोडले आणि आम्ही गावचे सहा माळकरी विशेष गाडीने मूर्तिजापूरला उतरलो. तिथून दर्यापूरच्या वाटेने आमचे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, माती काळी, पाऊस पडला की चिखल गुडघाभर. महिनाभर पायी चाललेल्या माणसाला गाव दिसले की जीव कसा हलका होतो, हे वारकऱ्याला सांगायला नको. डोक्यावर बुक्का होता, पिशवीत प्रसाद होता आणि मनात पांडुरंगाचे समचरण होते. त्या आनंदातच मी घराचे फाटक उघडले.

शेजारच्या अंगणात माझी चुलत वहिनी ओट्यावर बसली होती. तिच्यापुढे सात मेलेल्या कोंबड्या एका रांगेत ठेवल्या होत्या.

चुलत भाऊ जाऊन पाच वर्षे झाली. वहिनीकडे अडीच एकर कोरडवाहू जमीन. त्यात कपाशी आणि तूर. पोरगी अमरावतीला खोली करून शिकते. शेताचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुतेक वेळा येण्याआधीच तो दुकानदाराच्या वहीत गेलेला असतो. महिन्याचा हातखर्च चालतो तो गावरान कोंबड्यांवर. अंडी गावात खपतात, कोंबडे बाजाराच्या दिवशी जातात. कोंबड्यांचा पैसा हा आपल्याकडे बाईचा पैसा असतो. तो ती कोणाला विचारून खर्च करत नाही.

"भाऊजी, राती बोका आला," ती म्हणाली. "खुराड्याची फळी सरकवली त्यानं. नेली एकच. बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या."

मी प्रसादाची पुडी तिच्या हातावर ठेवली. काय बोलावे ते कळेना. तेवढ्यात शेजारचा एक पोरगा म्हणाला, "काकू, त्या मेल्या कोंबडीतच औषध भरून ठेवू. आज राती येईन तं उद्या सकाळी धुऱ्यावर मरून पडलेला दिसन." औषध म्हणजे फवारणीचे विष. आमच्या वऱ्हाडात कपाशीच्या घरात ते असतेच.

मी लगेच म्हणालो, "नाही रे बाप्पा. असं करू नये. सर्वांभूती भगवंत आहे."

वहिनी रागावली नाही. खालच्या आवाजात तिने विचारले, "भाऊजी, तुमी वारी करून आले, तुमाले जास्त समजते. बोक्यात देव हाय, हे मले मान्य हाय. मंग माह्या कोंबडीत नव्हता काय? अन् पोरीच्या खोलीचं भाडं कोन देईन? बोक्यातला देव देईन काय?"

माउलींनो, महिनाभर मी नामस्मरण केले होते. कीर्तने ऐकली होती, भूतदयेवरची निरूपणे ऐकताना मान डोलावली होती. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याची धडपड आहे. पूर्ण सापडले आहे असा माझा दावा नाही.

वहिनीच्या बोलण्यातला पहिला मुद्दा अगदी खरा आहे. सर्वांभूती भगवंत हे म्हटल्याने बोका आणि कोंबडी यांच्यातला निवाडा होत नाही. देव दोघांत आहे. मारणाऱ्यातही तोच आणि मरणाऱ्यातही तोच. मग या वचनाचा उपयोग काय? उपयोग एवढाच की दोघांपैकी कोणाचाही द्वेष करता येत नाही. पण द्वेष करू नको म्हणजे हात बांधून बस, असा त्याचा अर्थ नाही. मी मात्र ते वाक्य हात बांधून बसण्यासाठीच वापरले होते. नुकसान तिचे झाले होते आणि दया मी दाखवत होतो. दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान करण्याचाच तो प्रकार होता.

शिबी राजाची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! महाभारताच्या वनपर्वात ती येते. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या आश्रयाला येते. राजा अभय देतो. मागून ससाणा येतो. पुढे तो इंद्र आणि कबुतर अग्नी असल्याचे उघड होते, पण त्या क्षणी तो भुकेला पक्षीच आहे. आणि तो राजाला जे विचारतो ते फार अवघड आहे. हे माझे अन्न आहे. तू ते राखलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी पिल्ले मरतील. एकाला वाचवताना दुसऱ्याचा घास हिरावला जात असेल, तर त्या वाचवण्याला पुण्य कसे म्हणायचे?

कथेत राजा ससाण्याला दुष्ट म्हणत नाही, हाकलून लावत नाही आणि बाणही मारत नाही. कबुतरही तो सोडत नाही. तराजू मागवतो आणि एका पारड्यात स्वतःचे मांस घालतो. आपण ही कथा ऐकतो आणि राजाच्या त्यागाला नमस्कार करून घरी जातो. तिचा साधा अर्थ मला त्या दिवशी वहिनीच्या अंगणात कळला. राखण करायची तर तिची किंमत राखणाऱ्याने स्वतः द्यायची. ती ससाण्याच्या जिवाने द्यायची नाही, कबुतराच्या जिवानेही नाही, आणि शेजारणीच्या संसाराने तर मुळीच नाही.

राखणीचीच आणखी एक गोष्ट आपल्या संप्रदायात आहे. महिपतींनी लिहिलेल्या संतचरित्रांत ती येते. तुकोबांना एका शेतकऱ्याने शेत राखायला बसवले. पाखरे कणसांवर आली आणि तुकोबांनी ती हाकलली नाहीत. जीवांना अन्नावरून उठवायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मालकाने आरडाओरडा केला, प्रकरण पंचांपुढे गेले आणि नुकसानीची जबाबदारी तुकोबांवर आली. पुढे त्या शेतात अपेक्षेहून अधिक धान्य निघाले. कीर्तनात या शेवटच्या भागावर टाळ्या पडतात. मला मात्र अलीकडे मधला भाग महत्त्वाचा वाटतो. शेत दुसऱ्याचे होते आणि तुकोबांनी पंचांचा निवाडा नाकारला नाही. पाखरांना खाऊ दिले त्याची भरपाई माझ्याकडून घ्या, हे त्यांनी मान्य केले. धान्य वाढेल हे त्यांना आधी ठाऊक नव्हते. देवाने वाढवले ती देवाची कृपा. तुकोबांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी दया केली आणि तिचे देणे स्वतःच्या डोक्यावर घेतले.

आणि आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे कसे विसरायचे? २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात जन्मलेला डेबूजी लहानपणी वडिलांना मुकला आणि दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजन केले. सांगतात की एकदा तो पिकावरची पाखरे हाकलत असताना वाटेने जाणारा एक साधू थांबला आणि हसून विचारता झाला, हे धान्य तुझे आहे का? प्रश्न एवढाच. पण तो डेबूजीच्या मनात रुतला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी तो घर सोडून गेला आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखले.

साधूने पाखरे हाकलणे बंद कर असे सांगितले नव्हते. मालक कोण, एवढेच विचारले होते. राखणदाराची काठी हातात असली की माणसाला हळूहळू आपण मालकच आहोत असे वाटू लागते. धान्य माझे, अंगण माझे, कोंबड्या माझ्या, आणि त्यात पाऊल टाकणारा तो चोर! रानमांजराला चोर म्हणताना आपण हे विसरतो की नाल्याकाठचे गवत, धुऱ्यावरची झुडपे, लवणातली बेसरमाची जाळी ही त्याची घरे होती. आपण धुरे कोरून शेते वाढवली. त्याच्या बाजूने पाहिले तर आपणच त्याच्या अंगणात खुराडे बांधले आहे.

संध्याकाळी मंदिरात हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एका वयोवृद्ध माळकऱ्याने मला अडवले. म्हणाले, "बुवा, तुकोबांनी दया सांगताना नुसतं प्राण्यांचं पालन नाही सांगितलं. कंटकांचं निर्दालनही त्यातच सांगितलं आहे. बोका कंटक नव्हे तर काय?"

आक्षेप वजनदार आहे. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुकोबांची दया ही दुबळ्यांची दया नव्हती, हे खरेच. पण कंटक कोणाला म्हणायचे? ज्याला दुसरी वाट मोकळी असून जो जाणूनबुजून पीडा देतो, तो कंटक. गरिबाच्या वहीत व्याज चढवणारा, बोगस बियाणे विकणारा, दारूचा गुत्ता चालवणारा, हे कंटक. त्यांना समजते आणि समजूनही ते करतात. रानमांजराला दुसरी वाट नाही. त्याला ज्वारीची भाकर चालत नाही. त्याच्या पोटात भूक आहे, पण मनात वैर नाही. पायात रुतलेला काटा उपटावा लागतो. बाभळीने आपल्या जागी धरलेला काटा मात्र आपण वाट वळवून चुकवतो.

"पण भूक एका कोंबडीची होती ना?" ते म्हणाले. "मग बाकीच्या सात का मारल्या? हे वैर नाही तर काय?"

या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. मग विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. उघड्या रानात रानमांजर एका पाखरावर झेप घेते. ते एक सापडते आणि बाकीची उडून जातात. शिकार तिथेच संपते. खुराड्यात तसे होत नाही. एकीवर झडप पडली की बाकीच्या अंधारात फडफडतात, भिंतीला धडकतात, पण बाहेर जायला वाट नसते. समोर काही फडफडत असेपर्यंत शिकारी जनावराचा पंजा थांबत नाही. रानात त्याला असा प्रसंग कधी येतच नाही, म्हणून थांबण्याची शिकवण निसर्गाने त्याला दिलेली नाही. म्हणजे माउलींनो, पहिल्या कोंबडीला रानमांजराने मारले. बाकीच्या सात जणींना त्याच्या पंजाबरोबर आपल्या बंद फळ्यांनीही मारले.

गावरान कोंबडी मोकळी सोडली तर आजही सांजेला ती उंच फांदी शोधते. अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून उंचावर जाऊन गप्प बसणे हेच तिचे संरक्षण. ते झाड आपण तिच्याकडून काढून घेतले आणि बदल्यात फळ्यांची पेटी दिली. मग झाडाने जे काम केले असते ते त्या पेटीने करायला नको का? मला वाटते, राखणीचा धर्म इथूनच सुरू होतो. कोंबडी माझी म्हणून मी राखत नाही. तिची पळण्याची वाट मी बंद केली, म्हणून मला राखली पाहिजे. मालकाचा हक्क सोडता येतो, पण हे ऋण सोडता येत नाही.

आता तो प्रश्न, जो माळ घातलेल्या प्रत्येक वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. रानमांजरापासून वाचवलेला कोंबडा बाजाराच्या दिवशी जातो कुठे? सुरीखालीच ना? मग ही राखण कसली? एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात घालण्यासाठी?

मी स्वतः माळकरी आहे. मांसाला शिवत नाही, अंडेही खात नाही. वहिनीने कोंबड्या पाळू नयेत असे मला अनेकदा वाटले आहे आणि एक-दोनदा मी ते बोललोही आहे. पण यंदा एक गोष्ट आठवली आणि जीभ आवरली. वारीला निघण्याआधी दिंडीच्या अन्नदानासाठी गावात वर्गणी फिरली. वहिनीने पदराची गाठ सोडून पैसे दिले. मी ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतले. तो पैसा कुठला, हे मला माहीत होते. त्या पैशाचे पिठले-भात मी वाटेत पंगतीत बसून खाल्ले, हरिनामाचा गजर करून खाल्ले. ज्या हाताने मी तो पैसा घेतला, तोच हात वर करून मी तिला अहिंसा सांगणार?

गाडगेबाबांनी हा विषय आपल्याहून स्पष्टपणे हाताळला. देवीला बकरे-कोंबडे कापण्यावर त्यांनी जन्मभर कीर्तनातून कोरडे ओढले. पण सुरुवात कुठून केली? स्वतःच्या लेकीच्या बारशापासून. जातीच्या रिवाजाप्रमाणे तिथे मटण आणि दारूची पंगत व्हायची. त्यांनी गोडाधोडाचे जेवण दिले आणि नातेवाइकांचा रोष अंगावर घेतला. त्यांचा पहिला घाव स्वतःच्या प्रतिष्ठेवर पडला. देवाला लाच म्हणून जीव देणे ही गरज नव्हती, अज्ञान होते, म्हणून त्यावर ते तुटून पडले. पोरीच्या शिक्षणासाठी कोंबड्या पाळणाऱ्या विधवेची गोष्ट त्याच तराजूत तोलता येत नाही. तिला दुसरी मिळकत उभी करून देण्याची तयारी माझ्यात असेल तरच मी तिला हा धंदा सोड म्हणावे. ती तयारी नसेल तर मी स्वतःचे पान शुद्ध ठेवावे आणि तिच्या पानाकडे बोट दाखवू नये.

आणि एक आहे. कोंबडीचे मरण शेवटी कसे येणार हे मला ठरवता येत नसेल, म्हणून तिचे आजचे जगणे फुकट जात नाही. आज ती मातीत अंग घुसळते, दाणा टिपते, पिल्लांना पंखाखाली घेते. उद्या काय होणार यावरून आजची रात्र भीतीत जावी असे ठरत नाही. आपल्यापैकी तरी उद्याचे कोणाला ठाऊक आहे?

विषाचा विचार मी शेवटी ठेवला आहे, कारण तिथे मला जराही शंका नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना माउलींनी काही दृष्टान्त दिले आहेत. हिंसेच्या आधाराने अहिंसा साधू पाहणारा माणूस कसा? तर झाडाच्याच फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणारा. देऊळ मोडून त्याच्या दगडांनी देवाभोवती पौळ बांधणारा. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी नेवाशात सांगितलेला हा दृष्टान्त आमच्या अंगणाला तंतोतंत लागू पडतो.

मेलेल्या कोंबडीत विष भरले तर ते रानमांजरापुरते थांबते काय? ते आधी गावातले कुत्रे खाते. कुत्रे नाही तर मुंगूस, कोल्हा, घार. रानमांजराचा रोजचा आहार म्हणजे मुख्यतः उंदीर. हरभऱ्यात आणि गव्हात बिळे पाडणारे उंदीर. मुंगूस उंदीर खाते आणि सापही मारते. ही मंडळी गेली की उंदीर वाढतात, उंदरांमागे साप घरात येतात आणि मग आपण आणखी विष आणतो. विष हाताळणारा हातही सुटत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. जे औषध अंगाला लागून माणूस मरतो ते पोरेबाळे खेळतात त्या अंगणात ठेवायचे? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानमांजर मारणे गुन्हा आहे, ही गोष्ट वेगळीच. पण कायदा नसता तरी हे कुंपण झाडाच्याच फांद्यांचे झाले असते.

म्हणून मी वहिनीला म्हणालो, "विष नको. खुराडं नीट करेपर्यंत रोज सांजेला कोंबड्या कोंडायचं अन् फळीला दगड लावायचं काम माझं."

ती शेतातून दिवस बुडाल्यावर यायची, मी तर घरीच असायचो. आठ दिवस मी ते केले. नवव्या दिवशी मंदिरात बाहेरगावचे एक कीर्तनकार आले. हरिपाठ संपला, भजन रंगले आणि टाळ हातातून सुटेना. मध्येच एकदा खुराड्याची आठवण झाली. मनात म्हटले, पांडुरंग राखेल. पुन्हा डोळे मिटले.

घरी आलो तेव्हा उरलेल्या तीनपैकी दोन गेल्या होत्या. फळी उघडीच होती. जनावराला ती सरकवावीही लागली नव्हती.

वहिनी एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. मी रात्रभर तळमळत होतो. नामात रंगलो होतो, यात पाप काय? पण मन ऐकेना. पांडुरंग राखेल हे मी म्हणालो खरे, पण ते श्रद्धेने म्हणालो की उठायचा कंटाळा होता म्हणून? पांडुरंगाने त्या दिवशी राखणीसाठी एक माणूस नेमला होता आणि तो माणूस टाळ वाजवत बसला होता. पुंडलिकाने आईबापांची सेवा चालली म्हणून देवाला विटेवर उभे केले. मी देवाचे नाव पुढे करून नेमलेली सेवा टाकली. आपल्या संप्रदायात हा उलटा हिशोब आहे.

दुसऱ्या दिवशी मी शिबीच्या कथेतले पारडे आठवून पुढच्या कार्तिकीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले. कार्तिकीला यंदा जाणे नाही, हे मनाशी ठरवले. ते सोपे गेले नाही. मग मी, तो विषाची गोष्ट करणारा पोरगा आणि वहिनी, तिघांनी मिळून चार दिवसांत खुराडे बांधले. वाचकांपैकी अनेकांच्या अंगणात कोंबड्या नसतील, पण शेजारी असतील, म्हणून सांगतो. भोवताली वीतभर खोल चर खणून त्यात दगड भरले आणि जाळी जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे मुंगसाला उकरून आत शिरता येत नाही. मोठ्या भोकांची पातळ जाळी उपयोगाची नाही. त्यातून पंजा आत जातो, मुंगूसही अंग चोरून शिरते. बोट जेमतेम जाईल अशा बारीक भोकांची जाड तारेची जाळी घेतली. वर पत्रा घातला, त्याखाली हवेला फट ठेवली आणि त्या फटीलाही जाळी लावली. आत जमिनीपासून उंच आडवी काठी बांधली, कारण कोंबडीला फांदी हवी असते. दाराला फळी न ठेवता कडी लावली आणि कडीत खिळा. दाण्याचे भांडे रात्री बाहेर ठेवायचे नाही, सांडलेला दाणा झाडून घ्यायचा, कारण दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे बाकीचे. पिल्लांसाठी दिवसा डालं, आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात घारीपासून आडोसा म्हणून तुरीच्या काड्यांचा मांडव.

काम चालू असताना एका सकाळी तो पोरगा मला खुणेने नाल्याकडे घेऊन गेला. गवताच्या कडेला रानमांजर बसले होते. बोका नव्हताच तो, मादी होती. तिच्यामागे दोन पिल्ले, कानांवर बारीक काळे केस, आमच्याकडे टक लावून पाहत होती. पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकाजी, औषध ठेवलं असतं तं हे दोघंबी गेले असते." ससाण्याने राजाला सांगितलेली पिल्ले ती हीच, असे माझ्या मनात आले. मी त्याला तसे बोललो नाही. त्याला ते कळले होते.

वहिनीने पुन्हा अंडी बसवली. आता तिच्याकडे लहानमोठ्या मिळून चौदा आहेत. रानमांजर अजून येते. ओल्या मातीत खुराड्याभोवती त्याच्या पावलांचा फेरा उमटलेला सकाळी दिसतो. आत जायला वाट मिळत नाही म्हणून ते नाल्याकडे परतते. तिथे उंदीर आहेत. त्याचा घास आम्ही पूर्ण हिरावला नाही, फक्त तो घास आमच्या अंगणातला नसेल एवढे पाहिले. सगळीकडे असे जमेल असे मी म्हणत नाही. डोंगराकडच्या गावांत बिबट येतो, तिथे जाळीने भागत नाही. पण जिथे भागते तिथे तरी मारण्याआधी दार लावून पाहावे.

गेल्या पंधरवड्यात भरदिवसा घारीने एक पिल्लू उचलले. वहिनीने अंगणात उभे राहून त्या घारीला पोटभर शिव्या दिल्या. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. या खेपेला मी तिला काही सांगितले नाही. तिने शिव्या दिल्या, पदराने डोळे पुसले आणि मांडवाचे जे टोक उघडे राहिले होते त्यावर आणखी चार काड्या टाकल्या.

आता रोज सांजेला देवळाची घंटा होते तेव्हा मी आधी वहिनीच्या अंगणात जातो. कोंबड्या एकेक करून आत शिरतात आणि काठीवर जागा धरतात. मी मोजतो, कडी लावतो, खिळा घालतो आणि मग हरिपाठाला जातो. पाच-दहा मिनिटे उशीर होतो. पहिले काही अभंग चुकतात. सुरुवातीला त्याची खंत वाटायची. आता कडी लावतानाच मी नाम घेतो आणि हरिपाठ तिथूनच सुरू झाला असे समजतो.

रामकृष्ण हरी.